मालवणचं स्नॉर्कलिंग: माशांना पाव आणि प्रवाळावर पाय, दोन सर्व्हिसचा रिव्ह्यू (बेळगावहून)

आधी स्टार सांगतो मग कारणं. जेटीवरच्या मोठ्या पार्टीचं स्नॉर्कलिंग प्लस वॉटर स्पोर्ट्स कॉम्बो, दोन स्टार, ते पण त्यांच्यातलं एक पोरगं प्रत्येकाचं लाइफ जॅकेट दोनदा ओढून चेक करत होतं म्हणून. आणि ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, फिरवून आणणारा तिथलाच एक माणूस, साडेचार स्टार. दोघांचीपण नावं टाकत नाही. पहिल्याचं अशासाठी की त्या लाइनीत बाकीचेपण तेच करत होते, एकट्याला झोडून काय उपयोग. दुसऱ्याचं अशासाठी की त्यानं स्वतःच हात जोडून सांगितलंय, भाऊ फोटो टाका पण जागा टाकू नका, एकदा रील चालली की रविवारी इथं जत्रा भरते.

सीमाप्रश्नाचं कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे, सुट्टी लागली की अर्धं बेळगाव मालवणात असतं हे काय नवीन नाही. चंदगड, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ आणि खाली. यावेळी ताई, दाजी, आठवीतला भाचा आणि मी. बुकिंग टिळकवाडीतल्या एका एजंटकडून केलेलं, त्यानं सांगितलं ‘सर, फुल कोरल बघायला मिळतंय, मासे तर अंगावर येतात’. यातलं दुसरं अगदी खरं निघालं.

तर झालं असं, होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांजवळ नेली आणि तांडेलनं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं, नांगर सरळ खाली सोडला, काय बघणं नाही का काय नाही. खाली वाळू आहे का खडक आहे का प्रवाळ आहे, विचारायलाच गेलो तर म्हणाला रोजचंच आहे. रोजचंच आहे हेच तर वाईट आहे की. मी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे, आमच्यात फिनिश झालेल्या जॉबवर कोण स्पॅनर ठेवला तरी फोरमन आईबाप काढतो आणि इथं एवढं जड लोखंड, ते पण वाऱ्यानं होडी फिरेल तसं खाली घासत फिरणारं, एकाच तुकड्यावर दिवसातून किती वेळा पडत असेल. याच्यावर उपाय फार जुना आहे, तळाशी कायमचा पक्का हूक बसवायचा, वर बोया तरंगत ठेवायचा आणि होडी त्याला बांधायची, अमेरिकेत फ्लोरिडाला 1981 पासून असे बोये आहेत. रॉकेट सायन्स नाही. आम्ही होतो तिथं एक बोया दिसला नाही.

मग पाणी. मालवणच्या पाण्याबद्दल एक समजून घ्या नाहीतर वाट बघत बसाल, टीव्हीत दाखवतात तसं फांद्याफांद्यांचं गुलाबी जांभळं जंगल इथं नाही. पाणी गढूळसर, गाळ जास्त, त्यामुळं इथलं प्रवाळ बुटकं, खडकाला चिकटून वाढणारं, तपकिरी, हिरवट, पिवळट. गोळे असतात, पापुद्रे असतात, काही ठिकाणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी. लांबनं बघितलं तर दगडच वाटतो आणि सगळी गोची तिथंच होते. माणसाला दगड वाटला की माणूस त्याच्यावर उभा राहतो. आमच्या बॅचमधल्या हुबळीच्या एका काकांना गाइडनेच सांगितलं, दम लागला तर खाली उभं राहा, इथं उथळ आहे. काका राहिले उभे, फिन (पायात घालायची रबरी वल्ही) घालून, आणि तोल जातोय म्हणून परत परत पाय बदलत.

तो जो ‘दगड’ आहे ना, त्याच्यावर हजारो बारके प्राणी शेजारी शेजारी बसलेले असतात, पॉलिप म्हणतात. प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती बारीक हात, आणि अंगात एकपेशीय शैवाल जे उन्हात अन्न तयार करून त्याला देतं. चुन्याचा सांगाडा ते हळूहळू खाली रचत जातात. गोळ्यासारखं वाढणारं पोरायटीस जातीचं प्रवाळ सगळं नीट असेल तर वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, म्हणजे कळशीच्या पोटाएवढा गोळा व्हायला आमच्या भाच्याच्या वयाएवढी वर्षं गेली म्हणायची. वरची जिवंत कातडी अगदी पातळ, तिला ओरखडा आला की तिथं शेवाळ धरतं. आणि फिननं वाळू उडवली की ती येऊन पॉलिपवर बसते, मग ते चिकट स्राव सोडून ती झटकत बसतं, त्यात त्याची ताकद जाते. एकदा ठीक आहे, सीझनभर रोज किती झटकणार.

आता पाव. पार्ले बिस्किटं आणि पाव, बाटलीत भरून पाण्याखाली नेतात आणि पिचकारी मारल्यागत सोडतात. पिवळ्या काळ्या पट्ट्यांचे मासे असे तुटून पडतात की मास्कसमोर दुसरं काय दिसतच नाही, गोप्रोत व्हिडिओ एक नंबर येतो, ताई तर ओरडायलाच लागली स्नॉर्कल तोंडात असताना. मी मजा आली नाही असं म्हणणार नाही, आली. पण व्हिडिओ घरी येऊन बघितला तर त्यात एकच जात आहे. पावाला सोकावलेले दांडगे मासे तेवढ्या जागेवर टोळी करून राहतात, लाजरे मासे बाजूला होतात, आणि टोळीचं पोट काय फक्त पावावर भरत नाही, पर्यटक गेले की ते तिथलेच बारके खेकडे, झिंगे, कोणाकोणाची अंडी असं टिपत बसतात. म्हणजे आपण माशांना खायला घालतो आणि त्याचं बिल बिनकण्याचे प्राणी भरतात, जे कुठल्याच व्हिडिओत नसतात. शिवाय उरलेला पाव तिथंच कुजतो, त्याचं खत शेवाळाला.

दोन स्टारातनं खरं तर अजून एक कापायला पाहिजे होता तो फोटो सेशनमुळं. गाइडनं खालनं एक तारामासा उपटून आणला (उपटूनच, कारण त्याच्या पोटाखाली शेकडो बारके नळीसारखे पाय असतात, त्यानं तो खडकाला घट्ट धरून असतो, जोरात ओढला की ते तुटतात) आणि होडीत सगळ्यांच्या हातावर फिरवला. तळहातावर, डोक्यावर, एकानं तर गालावर. तारामासा पातळ कातडीतनं आणि त्या पायांतनं श्वास घेतो, ते पण पाण्यातच. पाच सात जणांचे फोटो होईपर्यंत ते बिचारं उन्हात. मग समुद्री काकडी आणली, नाव काकडी पण तळाशी राहणारा मऊ लांबट प्राणी आहे. ती दाबली की पाणी उडवते म्हणून पोरांना हसायला. तिला लईच त्रास दिला तर ती स्वतःची आतडी बाहेर टाकते, आणि नवीन तयार व्हायला आठवडे जातात. आणि ही काकडी आपल्या वन्यजीव कायद्यात 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच अनुसूचीत. आंबोलीच्या जंगलात कोण वाघाचं पिल्लू उचलून सेल्फीला देईल का? दिलं तर पेपरात येईल. इथं गोप्रोचे पैसे वेगळे घेतात.

मी बोललो तर दाजी मला म्हणाले, ‘अरे काय सारखं किरकिर करूलास, समुद्र केवढा आहे, आपल्या चार पायांनी काय होतंय त्याला?’ दाजींचं एक असतं, मुद्दा बरोबर पकडतात आणि उत्तर चुकीचं काढतात. समुद्र मोठाच आहे. पण उथळ, खडकाळ, उजेड पोचणारा, प्रवाळ धरणारा तुकडा लहान असतो आणि सगळ्या होड्या त्याच तुकड्यावर जातात, कारण बाकी समुद्रात बघायला काय आहे. मालवण सागरी अभयारण्य 1987 ला जाहीर झालं, सगळं मिळून 29.12 चौरस किलोमीटर आणि त्यातला गाभा फक्त 3.18. थायलंडात माया बे म्हणून एक बारकी खाडी आहे, ती गर्दीनं इतकी वाट लागली की 2018 च्या जूनमध्ये सरकारनं बंदच केली, 2022 च्या जानेवारीत उघडली तर माणसं मोजून आणि होड्यांना खाडीत यायला बंदी. त्यांचं पोट टुरिझमवर आहे, हौसेनं बंद केली नसणार. दाजी म्हणाले, थायलंडचं आम्हाला कशाला सांगूलास. बरं, मग खानापूरचं सांगतो, भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहेत दुर्मिळ वटवाघळं आहेत, तिथं परवानगीशिवाय आपल्याला आत सोडत नाहीत आणि आपण पण समजून घेतो. समुद्रात मात्र पैसे भरले की कुठंपण पाय.

मालवणच्या लोकांवर सगळं ढकलायचं नाही मला. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांचा विरोध होता आणि तो का होता ते उघड आहे, जाळं टाकायला बंदी येणार म्हटल्यावर घर चालणार कशावर. आता त्याच घरातली पोरं टुरिस्ट फिरवतात. त्यांना कोणी शिकवलं तर ते पाव बंद करायला तयार आहेत, पण तो लाइफ जॅकेटवाला मुलगा मला म्हणाला, ‘पाव नाय टाकलो तर गिऱ्हाइक म्हणता मासे खंय आसत, पैशे परत दे’. म्हणजे गिऱ्हाइक आपणच. पैसे वसूल करायची आपल्या बेळगावकरांची जी खोड आहे ना, हॉटेलात सांबार चौथ्यांदा मागवायची, ती पाण्याखाली पण जाते.

आता दुसरी सर्व्हिस, ज्याच्यासाठी खरं तर मी एवढं टाइप करतोय.

हा माणूस पाण्यात नेतच नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी लांबपर्यंत जाते आणि खडप उघडं पडतं, तेव्हा पाच सहा जणांना घेऊन चालत जातो, जास्त घेत नाही. आम्ही पहाटे अंधारातच निघालो. आधी त्यानं दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं करून नियम सांगितले आणि सांगताना हसत नव्हता. पाय उघड्या कोरड्या खडकावर किंवा वाळूत ठेवायचा, हिरव्यावर नाही, डबक्यात नाही. काय उचलायचं नाही. दगड फक्त तो उलटणार आणि उलटला तसाच परत बसवणार. का ते त्यानं एक दगड उचलून दाखवलं, वरच्या बाजूला शेवाळ आणि खालच्या बाजूला अख्खी चाळ भरलेली, चपटे बारके खेकडे, एक पाच हातांचा सापासारखा वळवळणारा ब्रिटल स्टार (तारामाशाचा भाऊबंद), नारिंगी स्पंज, कुणाची तरी जेलीत गुंडाळलेली अंडी. वरचे उन्हाला सरावलेले आणि खालचे सावलीला. दगड उलटा टाकून गेलात तर सूर्य वर येईपर्यंत खालचे वाळून मरतात आणि वरचे दबून मरतात. एका दगडाला एवढं.

मग एका डबक्याशी आम्हाला बसवलं, मोठं नाही, परातीएवढं, आणि म्हणाला काय बोलू नका, सावली पाडू नका, बघत राहा. पहिल्यांदा काय दिसलं नाही. दाजी घड्याळ बघायला लागले. मग भाच्याला दिसलं, खडकातल्या भोकातनं एक पिसांचा पंखा हळूच बाहेर आला, तांबूस पांढरा, बोटाच्या पेराएवढा. नळीत राहणारा किडा आहे, तो पंखा पसरून पाण्यातलं अन्न गाळून खातो. भाच्यानं नुसता हात हलवला, सावली पडली आणि पंखा गायब, दिसलाच नाही कधी आत गेला. परत बाहेर यायला बराच वेळ. मग एक कवडी, जिवंत, जिची आपण पांढरी गुळगुळीत पाठ सारीपाटात बघतो तिच्या पाठीवर जिवंतपणी मांसल काळसर चादर ओढलेली असते, त्यामुळंच ती पाठ गुळगुळीत राहते. हे मला एवढ्या वयात माहीत नव्हतं आणि आमच्या आजीच्या डब्यात कवड्या होत्या. बाजूला हिरवे झोअँथिड (प्रवाळाचेच नातेवाईक), बटणं शिवल्यासारखे एकमेकाला चिकटून, आणि त्यांच्या मधल्या फटीत एक काटेरी सी अर्चिन. त्याला लोक शिव्या देतात पायात काटा घुसतो म्हणून, पण तो शेवाळ खरवडून खातो आणि प्रवाळाला जागा मोकळी ठेवतो. कॅरिबियन समुद्रात 1983 ला रोगानं अर्चिन पटापट मेले आणि कितीतरी ठिकाणी प्रवाळावर शेवाळ माजलं. मालवणी माणसानं हे सांगितलं नव्हतं, मी नंतर वाचलं, पण त्यानं बोटानं दाखवलं होतं, अर्चिनच्या आजूबाजूचा खडक कसा साफ आहे ते.

ताईनं एक सुंदर शंख बघितला आणि सवयीनं हात पुढं केला. तो एकदम ओरडला, ‘तेका हात लावू नको, जिवंत आसा तां!’ कोन शंख होता, नक्षीदार. या कोन शंखांच्या सगळ्या जाती विषारी दात मारतात, काही मोठ्या जातींनी माणसं मेलेली आहेत, उपाय म्हणून औषध नाही. ताईचा हात जो मागं गेला तो परत येईपर्यंत खिशातच. मग तिनं रिकामा शंख उचलू का विचारलं तर त्याला पण नाही. रिकामा शंख हर्मिट क्रॅबला (शंखात राहणारा खेकडा) घर म्हणून लागतो, वाढला की मोठं घर शोधावं लागतं आणि किनाऱ्यावरचे सगळे बरे शंख आपण पिशवीत भरून शोकेसला लावले तर तो प्लास्टिकच्या झाकणात घुसतो, असे फोटो जगभरातनं आलेत. ताईच्या वडगावच्या घरी शोकेसमध्ये किती शंख आहेत मी इथं सांगत नाही, ती हे वाचणार आहे.

शंखांवरनं आठवलं, दुकानात प्रवाळाचे तुकडे, सी फॅन (पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ), शंखांचे दिवे विकायला दिसले तर घेऊ नका. प्रवाळ पण कायद्यात आहे, घेणाऱ्याला पण लागतं. दाजींना फिश टँकमध्ये घालायला पाहिजेच होता एक तुकडा. त्यांना मी गणपत गल्लीतनं प्लास्टिकचा घेऊन दिला, मासे त्याच्यातपण लपतात.

सनस्क्रीनबद्दल. पॅकेजवाल्यानं काय सांगितलं नाही, खडपवाल्यानं आदल्या दिवशीच मेसेज केला, चेहऱ्याला थोडं लावा, हातापायाला नको, फुल बाह्यांचा टीशर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही दोन रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाईत अशा सनस्क्रीनच्या विक्रीला 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे, पलाऊ देशानं त्याच्या एक वर्ष आधीच केली. ट्यूबच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघून घ्या. नाहीतर खडेबाजारात ते क्रिकेटचे फुल बाह्यांचे टीशर्ट मिळतात, पाण्यात पण चालतात, पटकन वाळतात आणि सनस्क्रीनपेक्षा स्वस्त पडतात.

कुणीतरी कमेंटीत म्हणणारच की प्रवाळ तर गरम पाण्यानं मरतंय, आमच्या पायानं नाही. गरम पाण्यानं मरतंयच, 1998 ला मोठा दणका बसला, 2016 ला, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर केलं. पाणी तापलं की पॉलिप आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, लगेच मरत नाही, पाणी थंड झालं तर सावरू शकतं. नेमकं त्या सावरायच्या महिन्यांत, म्हणजे मे महिन्यात आणि पुढच्या सीझनला, आपण त्याच्यावर उभे. ताप आलेल्या माणसाच्या छातीवर कोण बसतं का.

ज्यांना खरंच प्रवाळ बघायचं आहे आणि स्कूबाचं बजेट आहे त्यांनी मुरुडेश्वरहून नेत्राणीला जावं असं आमच्या कंपनीतले दोघंतिघं सांगतात, किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत, पाणी जास्त स्वच्छ. नेव्हीनं या बेटाचा नेमबाजीच्या सरावाला वापर केलेला आहे, त्यामुळं नुसत्या टुरिस्टाला बोल लावून पण भागत नाही. मी गेलो नाही म्हणून स्टार देत नाही. पण एजंटला विचारायचं ते तिथंपण तेच विचारा, होडी बोयाला बांधता का नांगर टाकता, पाव घालता का, उतरायच्या आधी पोटावर तरंगायला शिकवता का नाही, आणि एका गाइडमागं माणसं किती. ‘सर तुम्ही काळजीच करू नका’ असं उत्तर आलं तर दुसरीकडं बघा. ‘ग्रीन फिन्स’ म्हणून युनोच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीनं 2004 पासून चालू असलेली डायव्हिंगवाल्यांसाठीची एक आचारसंहिता आहे, गाइडनं ते नाव नुसतं ऐकलेलं असलं तरी बरं चिन्ह.

आता कापलेला अर्धा स्टार. खडपवाल्याकडं कपडे बदलायला जागा नाही, ताईची पंचाईत झाली, शेवटी एका ओळखीच्या घरात सोय केली त्यानं. यूपीआयला तिथं रेंज नाही, कॅश न्या. बूट मात्र रबरी सोलचे लागतात आणि ते त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं, दाजी चपलेवर आले आणि पूर्ण वेळ भाच्याचा खांदा धरून चालले. पोहे त्याच्या बायकोनं केलेले, वर ओलं खोबरं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात सगळंच बंद असतं, ऑक्टोबरनंतर जा, आणि शनिवार रविवार बघून तारीख ठरवू नका, तिथी बघून ठरवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओहोटी थोडीच जाते तेव्हा, गेलात तर खडप पाण्याखालीच राहतं, तो स्वतःच फोनवर नको येऊ म्हणून सांगतो.